डाव्या हाताचे टाके

“अजून एक आलं. आता हे कुठं ठेवू, माझ्या डोक्यावर?”

आई हे मलाच म्हणत होती, पण तोंड भिंतीकडे करून. तिच्या गुडघ्यांमध्ये लाकडी चिमटा होता, चिमट्यात अर्धवट शिवलेलं कातडं. मी तिच्या खांद्याला खांदा लावून दुसऱ्या सुईत मेणाचा दोरा ओवत होते. पहिल्या सुईचा दोरा तिच्या दातात होता. दातात दोरा धरून माणसाला जेवढं बोलता यावं त्याहून आई बरंच जास्त बोलते. आणि इतक्या जवळून पुटपुटलेलं ऐकूच आलं नाही असं दाखवायला कसब लागतं. मला ते जन्मभराच्या सरावानं जमतं.

“पुस्तक आहे आई, हत्ती नाही.”

“हत्ती परवडला. त्याला घरात तरी घेत नाहीत.”

पुस्तक खाकी कागदात गुंडाळलेलं होतं आणि त्याला जुन्या कपाटाचा वास येत होता. खोगिरं आणि पट्टे बनवणाऱ्या, कधीच्या काळी बंद पडलेल्या एका कारखान्याची ती सचित्र सूची. पानापानावर होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायची कातडी पिशवी: कमरेची, खांद्याची, झाकणाची, बिनझाकणाची, घोडेस्वाराची आणि एक तर चक्क पायमोज्यात लपवायची. आमच्या घरात अशी पुस्तकं पलंगाखाली आहेत, कपाटावर आहेत, शिवणयंत्राच्या पेटीत आहेत, आणि पाहुणा येणार नसेल तर पाहुण्याच्या खुर्चीवरही आहेत. होल्स्टर कशी कापतात, ओलं कातडं लाकडी पिस्तुलावर कसं बसवतात, कोणत्या कारागिराचा शिक्का कसा होता, कोण कोणाचा शागीर्द आणि कोण कोणावर रुसून वेगळा झाला, सगळं त्यांत आहे. आणि हे सगळं ज्या घरात आहे, त्या घरातल्या कुणीही आयुष्यात बंदूक चालवलेली नाही. बाबांना तर फुगा फुटला तरी दचकायला होतं.

आमच्या घराच्या खाली रस्त्यालगत बाबांचं दुकान. दुकानाला लागून एक चिंचोळी खोली आहे, तिच्यात माझं बाइंडिंगचं काम चालतं. विद्यार्थ्यांचे प्रबंध, वकिलांच्या फायली, कुणाच्या आजोबांची फाटकी डायरी, जे येईल ते. शाळा मी लवकर सोडली. फाटलेलं पुस्तक उसवून बघितलं की ते कसं शिवलं होतं ते कळतं, आणि उसवता उसवता वाचलं की बाकीचंही थोडंफार कळतं. माझं शिक्षण असं झालं, उलट्या बाजूनं.

होल्स्टरच्या पुस्तकांचा नाद मला का लागला, ते सांगायचं तर आधी घरातली एक गोष्ट सांगायला हवी. ती आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे आणि आमच्यापैकी कुणीही ती कधी बोलत नाही.

बाबांच्या दुकानाचं नाव जाणकारांत मोठं आहे. तीन ठिपक्यांचा शिक्का असलेली आमची होल्स्टर लोक जपून ठेवतात, मुलांना देतात, विकायची वेळ आली तर हळहळतात. कातडं निवडतात बाबा. कापतात बाबा. ओलं करून साच्यावर बसवतात बाबा, आणि ते असं बसवतात की रिकामी होल्स्टर पाहिली तरी आत काय राहणार ते डोळ्यांना दिसतं. पण जाणकार तारीफ करतात ती टाक्यांची. बारीक, सारखे, दोन्ही बाजूंनी एकसारखे, आणि सगळ्या जगाच्या उलट्या दिशेला कललेले. कातडं टोचायची आरी तिरपी घुसते ना. उजव्या हातानं टोचली की टाका एकीकडे झुकतो, डाव्या हातानं टोचली की दुसरीकडे. हस्ताक्षर असतं तसंच ते, लपवता येत नाही.

बाबा उजव्या हाताचे आहेत. डावखुरी आहे ती आई.

मी टेबलाखाली बसून कातड्याच्या चिंध्यांशी खेळायच्या वयाची असताना एक लेखक दुकानात आला होता. तो कारागिरांवर पुस्तक लिहीत होता. त्यानं एक होल्स्टर उलटसुलट केली, भिंग लावून पाहिली आणि बाबांना विचारलं, “आपण डावखुरे का?” बाबांच्या उजव्या हातात सुरी होती. त्यांनी आईकडे पाहिलं. आई ट्रे घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, “हो म्हणून टाका हो, चहा गार होतोय.” बाबा हसले आणि हो म्हणाले. त्यात कुणाला काही वाटलं नाही. असली पुस्तकं कुणी वाचतं, हेच मुळी आम्हांला ठाऊक नव्हतं.

त्या पुस्तकात आमच्यावर एकच ओळ आली: “टाके डावीकडे झुकलेले, कारागीर डावखुरा.” पुढं काही वर्षांनी मला रद्दीच्या ढिगात दुसरं एक पुस्तक सापडलं. त्यात परिच्छेद होता. तिसऱ्यात अर्धं पान, आणि बाबा ‘डाव्या हाताचे उस्ताद’ झाले होते. चौथ्यात त्यांचा उजवा हात लहानपणी झाडावरून पडून अधू झाला होता. पाचव्यातल्या बाबांचे पूर्वज तलवारबाज होते. पुस्तकं एकमेकांकडे बघून लिहितात, हे मला तेव्हा समजलं. लोक आपल्या घराण्याचा इतिहास गोळा करतात. मी आमच्या घरातल्या एका थापेचा इतिहास गोळा करायला बसले, आणि बसता बसता बाकीच्या कारागिरांच्याही प्रेमात पडले. आता थांबणं कठीण आहे.

पण त्या ओळीमुळे गिऱ्हाईक आलं. पहारेकरी आले, नेमबाज आले, निवृत्त अधिकारी आले, आणि सगळ्यांना डाव्या हाताच्या उस्तादांची होल्स्टर हवी होती. मग कोण कशाला खुलासा करतंय? आई माडीवर शिवायची, बाबा खाली विकायचे. गिऱ्हाईक दिसलं की बाबा सुरी डाव्या हातात घ्यायचे. इतक्या वर्षांत त्यांना डाव्या हातानं सही येऊ लागली होती, तीही बरी. बाकी काही येत नव्हतं.

त्या आठवड्यात एक फोन आला. पलीकडचा माणूस इतका अदबीनं बोलत होता की मला वाटलं चुकून लागला असावा. तो टपालखात्यातून निवृत्त झालेला गृहस्थ होता आणि होल्स्टर बनवणाऱ्यांवर एक मोठा ग्रंथ करत होता. आमच्या बाबांवर त्यात आख्खं प्रकरण होतं.

“भेटायला येऊ का? आणि एक विनंती. ते शिवतानाचा एक फोटो हवा. डाव्या हातात आरी धरलेला. आजवर कुणी तो काढलेलाच नाही.”

कसा काढतील!

“यानंतर असं पुस्तक कुणी करेल असं वाटत नाही,” ते पुढं म्हणाले. “आता सगळ्या होल्स्टर प्लॅस्टिकच्या येतात, साच्यातून थेट. शिवणारी माणसं संपत आली. मी जे लिहीन तेच राहील, म्हणून नीट लिहायचंय.”

फोन ठेवून मी वर गेले. तेच राहील. माडीवर आई अंगठ्याला फडकं गुंडाळून शिवत होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की अंगठ्याचा सांधा झिजलाय, आता हे काम सोडा. तिनं सोडलं नव्हतं, फक्त कमी केलं होतं. पण हिवाळा संपेपर्यंत हातातली होल्स्टर पुरी झाली तरी पुष्कळ, हे तिलाही कळत होतं.

जेवताना मी बातमी सांगितली, चार दिवसांनी येणार म्हणून.

“फोटो?” बाबा म्हणाले. “शिवताना?”

“शिवताना.”

बाबांनी चमचा डाव्या हातात घेतला. सूप निम्म्या वाटेवर सांडलं.

“आतापासून सवय केलेली बरी,” ते शर्ट पुसत म्हणाले.

“तेवढे चार दिवस शर्ट घालूच नका,” आई म्हणाली. “मला धुणं कमी.”

पुढचे चार दिवस आमच्याकडे सर्कस होती. बाबांनी डाव्या हातानं दाढी केली आणि हनुवटीवर कापसाचे तीन बोळे चिकटवून खाली आले. दाराला कुलूप लावायला गेले, ते किल्ली फिरवायची कुठल्या बाजूला हेच विसरले. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तेवढ्यासाठी मुद्दाम पलीकडच्या गल्लीतून राहायला आली. आत्याला भावाचा भारी अभिमान. गोष्ट खोटी आहे हे तिला पक्कं माहीत होतं, पण ती एवढ्या वेळा सांगून झाली होती की आता तिला त्यातले बारकावेही आठवायचे.

“लहानपणापासूनच डावखुरा हो दादा! आमची आई सारखी ओरडायची.”

“वन्सं,” आई म्हणाली, “तुम्ही त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. तुम्हांला कसं ऐकू आलं?”

“वहिनी, आवाजच तसा होता आईचा.”

आई हसली. खरंच हसली, आणि हसता हसताच अंगठा चोळू लागली. मला तेच बघवेना. रात्रीची भांडी आवरताना मी म्हटलं, “आई, त्या गृहस्थांना सांगून टाकायचं का?”

“काय?”

“तुला ठाऊक आहे काय.”

“मला काही ठाऊक नाही. ते झाकण दे इकडे.”

“तुला एकदाही वाटत नाही, आपलं नाव कुठंतरी असावं?”

“माझं नाव दुधाच्या हिशेबात आहे, दवाखान्याच्या कार्डावर आहे. आणखी कुठं हवंय? आणि म्हातारपणी त्यांना चारचौघांत खोटं पाडू? ‘हो म्हणून टाका’ मीच म्हणाले होते ना?”

मी तिला झाकण दिलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरस घ्यायला वर आले तेव्हा आई कपाटाशी उभी होती. हातात पुस्तक होतं, त्यातलं ते रंगीत चित्रांचं, जाड. चष्मा नाकावर. बाबांच्या फोटोचं पान तिनं भराभर उलटलं आणि पुढच्या पानावर थांबली. तिथं आमच्या एका होल्स्टरची कड मोठी करून छापलेली आहे, एकेक टाका गव्हाएवढा दिसतो. तिनं दुखरा अंगठा त्या टाक्यांवरून अगदी हळू, वरपासून खालपर्यंत फिरवला. मग मी दिसले.

“धूळ केवढी बसलीय,” ती म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

हातात फडकं नव्हतं.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी बाबा माझ्या बाइंडिंगच्या खोलीत आले. ते सहसा येत नाहीत, तिथं दोघांना श्वास घेता येईल एवढी जागा नाही. स्टुलावरचे कागद उचलून त्यांनी मांडीवर घेतले आणि बसले.

“तुझ्या त्या पुस्तकांत माझ्याबद्दल काय काय लिहिलंय, एकदा नीट वाचून दाखव. उद्या चुकायला नको.”

म्हणून मी माझ्या बापाला त्याचंच चरित्र वाचून दाखवायला बसले. झाडाचं वाचलं.

“कुठलं झाड?”

“ते लिहिलेलं नाही.”

“मग आपण चिंच... नको, एवढं उंच नको. पेरूचं म्हणू.”

तलवारबाजांचं वाचलं. ते खूश झाले. मग उस्तादांच्या ‘एकाग्र, एकांतप्रिय’ स्वभावाचं वाचलं, तेव्हा माडीवर आत्या मोठ्यानं काहीतरी सांगत होती आणि आई तिला दुरुस्त करत होती. बाबांनी वर पाहिलं.

“आणि तिच्याबद्दल काय आहे?”

“काही नाही.”

“म्हणजे, थोडकंच का होईना...”

“काही नाही बाबा. कशातच नाही.” मग मला आठवलं. “हां, एका फोटोत कोपर आलंय.”

“कोपर?”

मी ते पुस्तक काढलं. दुकानाचा जुना फोटो. मध्यभागी बाबा, छाती पुढं, केस काळेभोर. उजव्या कडेला, जिथं छापणाऱ्यानं चित्र कापलं होतं, तिथं गुंडाळलेली एक बाही आणि त्यातून निघालेलं एक कोपर.

बाबांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उजव्या हातानं. दिव्याखाली धरलं. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“त्या दिवशी तिनं पोलक्याला नवी बाही शिवली होती फोटोसाठी,” ते म्हणाले. “मग म्हणाली, उकडतंय, म्हणून वर करते.” त्यांनी फोटोच्या कापलेल्या कडेवर बोट ठेवलं. “तेव्हा फोटोवाला म्हणाला होता, ताई, जरा बाजूला सरा. आणि मी काही बोललो नाही.”

मीही काही बोलले नाही. आमच्या घरात त्याचीच तर सवय आहे.

“पुढचं वाच,” बाबा म्हणाले. पण पुढचं त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

पाहुणे आले ते दोन पिशव्या घेऊन. उंच, पाठीत जरा वाकलेले, बूट दाराबाहेर काढायचे की नाही याच्या विचारात उंबऱ्यावरच अडकलेले. आत्यानं त्यांना ओढून आत घेतलं. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला, डावा, कारण बाबांनी तोच पुढं केला होता. मग त्यांची नजर माझ्या पुस्तकांवर गेली आणि ते बाबांना विसरले.

“हे आहे तुमच्याकडे? आणि हे? अरे देवा, हे पूर्ण आहे? माझ्याकडच्याची शेवटची पानं कुणीतरी फाडली आहेत.”

“माझ्याकडेही फाडलेलीच होती. दुसऱ्या एका फाटक्या प्रतीतून काढून शिवली.”

ते खाली जमिनीवर बसले, एवढा मोठा माणूस, आणि मांडीवर एकामागून एक पुस्तकं घेऊन माझ्याशी बोलत राहिले. कुठल्या कारागिराची सुरी कुणाकडे गेली, कुणाचा शिक्का कुणी चोरला. इतक्या वर्षांत माझ्याशी या विषयावर दुसरं माणूस पहिल्यांदाच बोलत होतं. मला वाटलं, हा मनुष्य वाईट लिहिणार नाही. तो चुकीचं लिहील ते आमच्यामुळे.

चहा झाला. बाबांनी कप डाव्या हातानं उचलला आणि जवळजवळ सगळा चहा पोटात गेला. मग पाहुण्यांनी एक पिशवी उघडली आणि आमच्या शिक्क्याच्या चार होल्स्टर टेबलावर एका ओळीत मांडल्या. पेटीतून दागिने काढावेत तशा.

“या तिन्ही मला समजतात,” ते म्हणाले. “तुमच्याच, बघताक्षणी कळतं. पण ही चौथी बघा.”

चौथी काळपट होती, जरा जाड. बाबांनी ती पाहिली आणि खुर्चीत मागं सरकले.

“शिक्का तुमचाच आहे. साच्यावर बसवणंही तुमचंच, दुसऱ्या कुणाला असं जमत नाही. ही सगळ्यांत जुनी, दुकान उघडलं त्या वर्षाची. पण टाके उजवीकडे झुकलेत. आणि,” त्यांना शब्द सापडेना, “आणि, माफ करा, ते एवढे चांगले नाहीत. पुढच्या वर्षापासून एकदम हे असे. मला एवढंच विचारायचंय, त्या एका वर्षात असं काय झालं की तुमचा हातच बदलला?”

“लग्न झालं ना!” आत्या म्हणाली.

ती नेहमीसारखी गंमत करत होती. बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. तिनं बिस्किटांची बशी उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली. आई खिडकीचा पडदा नीट करू लागली. पडदा नीटच होता.

पाहुणे हसले, सौजन्यानं. “लग्नानं माणूस बदलतो खरा.”

“झाडावरून पडलो होतो,” बाबा म्हणाले. “पेरूच्या.”

“पण ते लहानपणी ना?”

“दोनदा पडलो.”

पाहुण्यांनी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहिलं. मी आईकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांनीच मला दटावलं: गप्प राहा.

“आता फोटो?” पाहुणे उठले. “उजेड चांगला आहे.”

चिमटा खिडकीशी आणला. चिमट्यात आईचं चालू काम होतं, तेच, हिवाळाभर पुरवून शिवलेलं. दुसरं काही तयारच नव्हतं. मध्यावरून पुढं गेलेली कड, अजून वीतभर राहिलेली. बाबा बसले. गुडघ्यांत चिमटा धरला. आत्यानं त्यांची कॉलर सारखी केली. आईनं आरी आणून त्यांच्या डाव्या हातात दिली. देताना तिनं त्यांची बोटं हळूच मुठीवर नीट बसवली, लेकराला पेन्सिल धरायला शिकवावं तशी, आणि बाजूला झाली. पार बाजूला. चौकटीत कोपरसुद्धा येणार नाही एवढी.

“अगदी नेहमीसारखं करा,” पाहुणे कॅमेऱ्याआडून म्हणाले. “मी इथं नाहीच असं समजा. एक टाका घाला.”

बाबांनी आरी टेकवली. रेघ आखलेली होती, अंतरं आखलेली होती, टोक फक्त खुणेवर ठेवून दाबायचं होतं. त्यांनी दाबलं, टोक घसरलं, आणि खुणेपासून चांगलं अर्धं बोट बाजूला, गुळगुळीत कातड्यावर पांढरा ओरखडा उमटला.

“अहो!” आई ओरडली.

ती दोन पावलांत तिथं पोचली होती. तिचा हात आरीकडे गेला, डावा, आणि आरीच्या जवळ येऊन थांबला. मला तो हात अजून दिसतो. अंगठ्याला फडकं, बोटं अर्धवट मिटलेली, जणू आरी त्यांत आधीच आहे. मग तिला पाहुण्यांची आठवण झाली. तिनं हात मागं घेतला आणि कपड्यांना पुसला.

“काही नाही,” ती म्हणाली. “चालू द्या. डास बसला असं वाटलं.”

पाहुण्यांनी कॅमेरा खाली केला होता. ते तिच्या हाताकडे बघत होते, मग कडेकडे, मग पुन्हा हाताकडे. माणूस हुशार होता, पण अदबशीरही होता. त्यांनी काही विचारलं नाही. आत्या बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात मी तिच्या दंडावर हात ठेवला. आता या खोलीत आणखी एकही झाड उगवू नये असं मला मनापासून वाटत होतं.

बाबा त्या ओरखड्याकडे बघत बसले होते.

“जाईल का हा?” त्यांनी आईला विचारलं.

“मेणानं थोडा दबेल,” ती हळू म्हणाली. “पूर्ण नाही जायचा.”

“तू केवढं सांभाळून आणलं होतंस इथवर.”

“असू दे हो. तुम्ही फोटो काढून घ्या, त्यांना परत जायचंय.”

बाबांनी आरी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. क्षणभर ती तशीच धरली. मग मूठ आईकडे करून पुढं केली.

“बस,” ते म्हणाले.

“अहो, काय हे! पाहुण्यांसमोर...”

“बस गं. माझे गुडघे दुखायला लागले.”

ते उठले. खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि चिमटा तिच्यापुढं आणून ठेवला. आई बसली, कारण उभं राहून काय करायचं ते तिला सुचेना. बाबा खुर्चीच्या मागं उभे राहिले, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून, आणि पाहुण्यांकडे बघून, गिऱ्हाइकाशी बोलायच्या त्यांच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “ती वही काढा साहेब, आणि झाडाचं ते खोडून टाका. मी कातडं कापतो, साच्यावर बसवतो आणि विकतो. शिवते ही. लग्न झाल्यापासून एकूणएक टाका हिचा आहे. हिचं नाव लिहा.”